खोल पाण्यातलं ऊन

माणूस पाण्यात उतरायच्या आधी मी त्याला एकच प्रश्न विचारतो, "कशासाठी शिकायचंय?" उत्तर ऐकलं की तो किती टिकणार हे मला काठावर उभ्या उभ्या सांगता येतं. पोहायला शिकवता शिकवता माझे केस पांढरे झालेत, आणि सगळा दोष क्लोरीनचा नाही.

माझ्या मते शिकायला येणाऱ्यांच्या चार तऱ्हा. पहिली भीतीची. ह्यांना डॉक्टरने पाठवलेलं असतं. गुडघे दुखायचे थांबले की ही मंडळी तोंड दाखवत नाहीत. दुसरी लालचीची. पोहायला आलं तर सायकल, असा घरी करार झालेला असतो. सायकल मिळाली की पाणी गेलं खड्ड्यात. तिसरी ईर्ष्येची, म्हणजे शेजाऱ्याचा मुलगा पोहतो म्हणून आपलाही पोहला पाहिजे. आणि चौथी शाबासकीची. ही माणसं दोन हात मारले की वर बघतात, कुणी पाहिलं का म्हणून. मला चौघांचाही राग येतो आणि चौघांनाही मी शिकवतो. भीतीवाल्याला भीती घालायची, शाबासकीवाल्याला शाबासकी द्यायची. शिट्टी सगळ्यांना सारखीच.

आमची लेक कॉलेजात मानसशास्त्र शिकते. जेवताना मी तिला माझ्या चार तऱ्हा सांगितल्या तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "बाबा, तुमच्या चारही तऱ्हा एकाच डब्यातल्या आहेत. सगळी बाहेरून ढकललेली माणसं. आतून ढकललेलं कुणी येतच नाही का तुमच्याकडे?"

"येतात की," मी म्हटलं. "सुट्टीतली लहान पोरं. पण त्यांना शिकवावं लागत नाही. पाण्याबाहेर काढावं लागतं."

"मोठं कुणी?"

"मोठं माणूस उगाच भिजत नाही," मी म्हटलं आणि पुढ्यातलं ताट संपवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बेकरीवाल्या मावशी आल्या.

आमचा तलाव बंदिस्त आहे. वर पत्रे, चारी बाजूंना भिंती, आणि पूर्वेच्या भिंतीत अगदी वर काचेच्या खिडक्यांची एक रांग. उथळ टोकाला पाणी कमरेएवढं. तिथून पुढे उतार लागतो, आणि तळाला निळ्या फरश्यांची एक पट्टी आहे. पट्टीच्या पलीकडे खोल. नियम असा, की माझ्या देखरेखीखाली तलावाची लांबी एकदा न थांबता पोहून दाखवल्याशिवाय एरवी पट्टी ओलांडायची नाही. हा नियम मीच पाळतो आणि मीच पाळायला लावतो. माझ्या हातात एक लांब काठी असते. बुडणाऱ्याला धरायला ती देतात, पण मी ती पट्टीकडे सरकणाऱ्यांना मागे हाकायलाच जास्त वापरतो.

मावशी साठीच्या पुढच्या. ठेंगण्या, रुंद, दंड पहिलवानासारखे, आणि टोपीतून निसटलेल्या केसांना पीठ. नवरा गेल्यावर एकटीने बेकरी चालवली. आता मुलगा बघतो, पण पहाटे भट्टीपाशी ह्या असतातच. तिथून सरळ तलावावर आल्या होत्या.

"कशासाठी शिकायचंय?" मी विचारलं.

मावशींनी हात वर करून खोल टोकाचा कोपरा दाखवला. सकाळच्या त्या वेळी वरच्या खिडकीतून ऊन नेमकं तिथे पडतं. बाकी तलाव हिरवट काळा दिसतो आणि तेवढा एक तुकडा लखलखत असतो. थोडा वेळ असतं ते ऊन. मग भिंतीवर चढतं आणि जातं.

"त्या उन्हात उताणं पडायचंय मला," त्या म्हणाल्या.

मी थांबलो. पुढे काहीतरी येईल म्हणून वाट बघितली. काही आलं नाही.

"गुडघे दुखतात का?" मी विचारलं.

"दुखतात की. पण त्याला शेक देते मी."

"शेजारी कुणी पोहतं?"

"शेजारी चपलांचं दुकान आहे, मास्तर."

"मग खरं कारण काय?"

"आत्ताच सांगितलं ना!" त्या वैतागून म्हणाल्या. "जन्म गेला भट्टीपुढे. पोटासाठी केलं, पोरासाठी केलं, गिऱ्हाईकासाठी केलं. परवा नातवाला सोडायला आले तेव्हा ते ऊन दिसलं. तिथे पडून बघावंसं वाटलं. एवढंच. शिकवणार असाल तर शिकवा, नाहीतर मी चालले, पाव थंड होतायत."

मी कपाळाला हात लावला आणि नाव लिहून घेतलं. माझ्या चारही तऱ्हांत ही बाई बसत नव्हती. मला वाटलं, खरं कारण लपवतेय. एकटेपणा असेल, सुनेशी पटत नसेल. आठवड्याभरात बाहेर येईल, आणि तोवर बाई दमून घरी बसेल.

बाई घरी बसली नाही. तशी विद्यार्थिनी मी आजवर पाहिलेली नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. पोहायला त्यांना झटपट आलं असं मुळीच नाही. उलट, इतकं हळू कुणाला येताना मी पाहिलं नव्हतं. पहिले काही दिवस त्या नुसत्या काठाची दांडी धरून पाण्यात तोंड घालायच्या आणि बुडबुडे सोडायच्या. इतर लोक त्याला कंटाळतात. मावशी डोकं वर काढून मला सांगायच्या, "मास्तर, खाली आपलाच आवाज ऐकू येतो हो!" आणि पुन्हा खाली. बारकी पोरं त्यांना हसायची. मग त्यांच्याबरोबर तीही बुडबुडे सोडायला लागली, आणि बुडबुडे कुणाचे मोठे ह्यावर भांडणं झाली. मी शिट्टी फुंकून दमलो.

पुढे तरंगती फळी धरून पाय मारायला लावलं. मावशींचे पाय भट्टीपुढे उभं राहून लाकडासारखे झालेले. पाणी उडायचं वर, आणि मावशी जागच्या जागी. शेजारून दोनच दिवस शिकलेली पोरं पुढे जायची. त्याचं त्यांना काही नव्हतं. एकदा मी चिडून म्हटलं, "मावशी, जरा जोर लावा! मुंगीसुद्धा पोचली असती."

"जोर लावला की बुडते मी," त्या म्हणाल्या. "सैल सोडलं की वर येते. पिठासारखंच आहे, त्याला घाई केली की पाव दगड होतो."

पाण्यात सैल सोडा, हे मी रोज बोंबलून सांगतो. ज्यांना घरी जाऊन कुणाला तरी काहीतरी दाखवायचं असतं, त्यांना ते कधीच जमत नाही. ह्यांना कुणाला काहीच दाखवायचं नव्हतं. एके सकाळी त्यांनी दांडी सोडली, मान मागे टाकली आणि त्या उताण्या तरंगल्या. उथळ पाण्यात, सावलीत, पण तरंगल्या. पत्र्याकडे बघत त्या मोठमोठ्याने हसत होत्या आणि हसण्याने पोट हलून नाकात पाणी जात होतं. अशी बाई शिकवायला मिळाली हे माझं भाग्य. मी ते तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं, "हनुवटी वर."

"आता तिकडे जाऊ?" त्यांनी उन्हाकडे बोट दाखवलं.

"एक लांबी न थांबता. नियम आहे."

"मग शिकवा नियम," म्हणाल्या आणि पालथ्या झाल्या.

थंडी सरेपर्यंत त्या अर्धी लांबी पोहायला लागल्या. निळ्या पट्टीपर्यंत जायच्या, पट्टीवरून कोपऱ्याकडे एकदा बघायच्या आणि वळायच्या. रोज. मला वाटायचं, अजून थोडेच दिवस.

तेवढ्यात आमच्या मॅनेजर साहेबांची नजर त्यांच्यावर पडली.

मॅनेजर साहेब माणूस वाईट नाही. तलावावर लोक यावेत म्हणून जिवाचा आटापिटा करतो. त्याने मावशींचा फोटो काढला, मोठा करून दारातल्या फलकावर लावला आणि खाली लिहिलं, 'जिद्दी आजी! ह्यांना जमतं, मग तुम्हाला का नाही?' शिवाय वार्षिक स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात त्यांचं नाव घातलं. एक लांबी, पहिल्या तिघांना पदक. मावशींच्या मुलाला फोन करून त्याने हे सांगितलं. मुलगा इतका हरखला, की त्याने बेकरीच्या काचेवर आईचा तोच फोटो लावला आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटला.

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शाबासकीने माणूस फुलतो हे माझं जुनं मत. शिवाय लांबी पार करायचीच होती. ती स्पर्धेत केली म्हणून काय बिघडलं?

मावशी फलकापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "जिद्द कसली?" त्या मला म्हणाल्या. "मला मजा येते, म्हणून येते मी."

"असं लिहिलं तर कोण थांबून वाचेल?" मी म्हटलं.

त्या दिवसापासून मुलगा रोज आईबरोबर यायला लागला. काठावरून ओरडायचा, "आई, हात लांब! आई, पाय!" मॅनेजर साहेबांनी माझ्या हातात सेकंदाचं घड्याळ दिलं. ये-जा करणारी माणसं फोटोतली आजी हीच का म्हणून थांबून बघायची. कुणी मुद्दाम टाळ्या वाजवायचं. आणि मावशी जोर लावायला लागल्या. जोर लावला की बुडायच्या. ठसका लागायचा, दांडी धरायच्या, काठाकडे बघून "सॉरी" म्हणायच्या. कुणाला सॉरी म्हणत होत्या देव जाणे. जी बाई पट्टीपर्यंत आरामात जायची, ती पट्टीच्या अलीकडेच थांबायला लागली. बुडबुडे बंद झाले. कोपऱ्याकडे त्यांनी मान वळवलेली मला त्या दिवसांत दिसली नाही.

मग त्या यायच्याच बंद झाल्या.

घरी मी हे चिडूनच सांगितलं. "इतकं कौतुक झालं, तर हिने पाठ फिरवली! माणसाला झालंय तरी काय?"

लेक म्हणाली, "बाबा, आम्हाला एक प्रयोग शिकवला होता. काही मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं. त्यातल्या काहींना सांगितलं, चित्र काढलंत की बक्षीस. त्यांनी काढली, बक्षिसं घेतली. पण नंतर मोकळ्या वेळात त्यांनी कागदाला फारसा हातच लावला नाही. ज्यांना काही दिलं नव्हतं, ती मुलं मात्र आपली काढत बसली होती."

"म्हणजे बक्षीसच द्यायचं नाही?"

"तसं नाही हो. ज्याला आवड नाही त्याला बक्षिसाने सुरुवात करून देता येते. पण ज्याला आवडतंच, त्याच्या हातात तुम्ही दुसरं कारण दिलंत, तर त्याचं स्वतःचं कारण कुठेतरी हरवतं."

ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी तलाव बंद झाल्यावर बेकरीत गेलो. काचेवर फोटो होताच. आत मावशी गरम पावांची पाटी रिकामी करत होत्या. मला बघून त्यांनी एक पाव कागदात गुंडाळून पुढे केला.

"रागावलात का?" मी विचारलं.

"कुणावर रागावू? सगळे माझ्या भल्यासाठीच करतायत." त्या पाटी पुसत म्हणाल्या. "मास्तर, पूर्वी मला रात्री झोपताना वाटायचं, कधी उजाडतंय आणि कधी पाण्यात जातेय. आता उजाडलं की वाटतं, आजचा दिवस चुकवता आला तर बरं. भट्टीचं काम होतं, आता हे दुसरं काम झालं. त्यापेक्षा भट्टी बरी, तिथे टाळ्या तरी वाजत नाहीत."

"फलकावरचा फोटो मी काढून टाकतो. स्पर्धेतलं नावही."

"नको," त्या म्हणाल्या आणि आत नजर टाकली. मुलगा मागे पोती लावत होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पोराने साऱ्या रस्त्याला सांगून ठेवलंय. त्याचं तोंड पडेल. एकदा पोहून टाकते त्याच्यासाठी. मग सुटले."

"मग सुटले म्हणजे? आणि ते ऊन?"

मावशींनी पुसलेली पाटी उचलून भट्टीकडे सरकवली. मग म्हणाल्या, "ते राहू दे आता."

मला इतकं वाईट वाटलं की तो पाव मी रस्त्यात कोरडाच खाऊन टाकला. आणि तडक परत जाऊन, दरवाजा उघडून, फलकावरचा फोटो काढला. सकाळी मॅनेजर साहेबांचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "आजींचं नाव ठेवा, फोटो नको. तुम्हाला फोटोच लावायचा असेल तर माझा लावा. 'रागीट मास्तर' म्हणून." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ती मला शांतताच मिळाली.

स्पर्धा सकाळची होती. काठावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि पाण्यात लांबीच्या दिशेने रंगीत तरंगत्या दोऱ्या बांधून मार्ग आखले होते. मावशींना मधला मार्ग मिळाला होता. ज्येष्ठांनी काठावरून उडी मारायची नव्हती, उथळ पाण्यात उभं राहून सुरुवात. मी खोल टोकाला, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन. मुलगा माझ्याजवळच येऊन उभा राहिला, आई पोचली की पहिला हात आपण द्यायचा म्हणून. त्याचे कान लाल झाले होते.

शिट्टी झाली. बाकीचे सुटले. मावशी सगळ्यात मागे, जोर लावत. मला लांबूनच दिसत होतं, खांदे ताठ, मान वर. एक हात मारला, दुसरा मारला, आणि ठसका. टाळ्या सुरू झाल्या. मुलगा ओरडला, "आई, थांबू नको!" त्या थांबल्या नाहीत. पण त्यांनी तोंड पाण्यात घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. मी काठी सरसावली. मग मला बुडबुडे दिसले, भले मोठे. खाली गेल्यावर टाळ्या ऐकू येत नाहीत हे मला ठाऊक आहे. खाली आपलाच आवाज ऐकू येतो.

डोकं वर आलं तेव्हा खांदे सैल होते. मावशी पोहायला लागल्या, त्यांच्या त्या मुंगीच्या चालीने. बाकीचे स्पर्धक भिंतीला हात लावून वर चढले, पदकांची गडबड सुरू झाली, आणि मावशी एकट्याच येत होत्या. निळ्या पट्टीपाशी आल्या. पट्टी ओलांडली. आता शेवटचा एवढासा तुकडा. पुढे काठ, काठावर मुलगा हात पुढे करून वाकलेला.

श्वास घ्यायला त्यांनी मान कडेला वळवली, आणि त्यांना कोपरा दिसला.

ऊन होतं. पण भिंतीवर चढायला लागलं होतं. पाण्यात जेमतेम एका माणसापुरतं उरलं होतं.

मावशी थांबल्या. दमल्या असं वाटून मी काठी पुढे केली. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं, एक मोठा श्वास घेतला आणि दोरीखाली बुडी मारली. पलीकडच्या मार्गात वर आल्या. पुन्हा बुडी, पुढची दोरी. तिकडे मॅनेजर साहेबांनी शिट्टी फुंकायला सुरुवात केली. मुलगा ओरडत होता, "आई, इकडे! सरळ ये, सरळ! पोचलीस!" शेवटच्या दोरीखालून मावशी कोपऱ्यात निघाल्या, उताण्या झाल्या, हात पसरले आणि त्या उन्हात पडून राहिल्या.

टाळ्या थांबल्या. काय झालं ते लोकांना कळेना. वरच्या पत्र्यावर पाण्याचा उजेड हलत होता आणि मावशी त्याच्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर ऊन, पोटावर ऊन, पसरलेल्या तळहातांवर ऊन. मग पोट हलायला लागलं आणि नाकात पाणी गेलं.

मॅनेजर साहेब धापा टाकत आले. "आजी, अहो कशासाठी केलंत असं? दोन हात राहिले होते! बाद झालात तुम्ही! आणि मास्तर, ह्यांची लांबी पूर्ण झालेली नाही, खोल पाण्यात राहायची परवानगी..."

"माझी आहे," मी म्हटलं आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

मावशी आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "ऊन चाललं होतं हो."

मी मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता आईवर चिडणार, आणि चिडला तर त्याला कसं गप्प करायचं ते शब्दही मी तयार ठेवले होते. तो काठावर उकिडवा बसला होता, हात अजून पुढेच.

"हसतेय का ती?" त्याने मला विचारलं.

"हसतेय."

"सर, मी तिला आयुष्यभर उभीच बघितलीय," तो म्हणाला. "आडवी पडलेली बघितली ती फक्त आजारपणात."

त्याने हात मागे घेतला आणि ओल्या फरशीवर, कपड्यांची पर्वा न करता, बसूनच राहिला. आम्ही दोघं बघत होतो. ऊन पाण्यावरून हळूहळू निघून भिंतीवर गेलं, तोवर कुणी मावशींना हाक मारली नाही. माझ्या हातातलं घड्याळ अजून पळत होतं, आणि ते थांबवायचं मला सुचलंच नाही.